वाट मागावी कशी आणि द्यावी कशी?

मृग जवळ आला की गावोगाव एकच बोलणे कानावर येते. "साहेब, खत आणलंय, पण शेतात न्यायचं कुठून? शेजाऱ्यानं बांध घातलाय." मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी (कृषी) म्हणून काम करतो. बियाणे, खते, रोग-किडी हे माझे विषय. पण तीस वर्षांच्या नोकरीत मला जितके प्रश्न पिकांविषयी विचारले गेले, जवळजवळ तितकेच वाटेविषयी विचारले गेले. पीक कितीही चांगले आले तरी ते शेतातून बाहेर काढायला वाट नसेल तर त्याचा भाव निम्मा होतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

त्यातही डोंगरकडेच्या गावांची अडचण दुहेरी. एका बाजूला शेजाऱ्याचा सातबारा, दुसऱ्या बाजूला वनखात्याची हद्द. ग्रामपंचायत मधे उभी. अशाच एका गावाची हकीगत आज सांगणार आहे. गाव राधानगरीच्या डोंगरपट्ट्यातले. नाव सांगत नाही, कारण त्यातली माणसे अजून तेथेच नांदत आहेत आणि आता गुण्यागोविंदाने नांदत आहेत.

गाव खाली, वाडा वर

राधानगरीचे अभयारण्य आपल्या राज्यातले सर्वांत जुने. 1958 साली दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी राखले गेले आणि 1985 साली ते वाढवून 351 चौरस किलोमीटरचे झाले. आपले गाव या अभयारण्याच्या बाहेर आहे. पण त्याच्या माथ्यावर राखीव वन आहे आणि त्या वनाच्या वर गवळी धनगरांचा वाडा. वीस-बावीस घरे. म्हशी हेच त्यांचे शेत.

खाली गावात दूध संस्था. वाड्यावरून तेथवर पायवाट. त्यात वाहन जाईल असा रस्ता हवा होता तो सुमारे 1,800 मीटरचा. पैकी खालचे 550 मीटर भात-उसाच्या खासगी रानातून आणि वरचे 1,250 मीटर वनातून. सकाळचे दूध बायका डोक्यावरून उतरवीत. संध्याकाळचे दूध उतरवणे शक्यच नसे, ते घरीच विरजले जाई. पावसाळ्यात ओढा भरला की सकाळचेही राही.

चूक माझीच

2014 साली ग्रामपंचायतीने रस्त्याचे मनावर घेतले. खासगी रानात मुख्य अडचण एका खातेदाराची होती. त्यांचे भाताचे खाचर 110 मीटर लांब आणि नेमके वाटेत. आखलेला रस्ता खाचराच्या मधून जात होता. म्हातारबाबा मोठ्या मनाचे. "गोरगरिबांची वाट हाय, न्या," म्हणाले.

सरपंचांनी मला विचारले, आता काय करू? मी म्हणालो, शंभर रुपयांच्या मुद्रांकावर संमती लिहून घ्या. त्यांनी घेतली. मी मोठे काम केले असे मला वाटले.

पुढल्याच वर्षी म्हातारबाबा वारले. वारसनोंद झाली. सातबारावर त्यांच्या पत्नीचे, दोन मुलांचे आणि दिल्या घरच्या मुलीचे नाव लागले. थोरला मुलगा मुंबईत नोकरीला. त्याने कागद मागवून पाहिला आणि विचारले, "यात गट नंबर कुठं आहे? रुंदी किती? नकाशा कुठं आहे?" त्याचे म्हणणे खरे होते. कागदावर यांपैकी काहीच नव्हते. नोंदणीही नव्हती. अशा कागदाने ग्रामपंचायतीला जमिनीत कोणताही हक्क मिळत नाही. रस्ता अडला आणि तो अडण्यात माझ्या अर्धवट सल्ल्याचा वाटा होता. मी बी.एस्सी. (कृषी) झालेलो माणूस, महसुलाचा कायदा शिकलेलो नाही. पण न शिकलेल्या विषयात सल्ला देऊ नये, एवढे तरी कळायला हवे होते.

जंगलात घातलेले यंत्र

खाचराकडून वाट बंद झाली तेव्हा काही तरुणांनी दुसरी युक्ती काढली. खासगी रान टाळायचे आणि सगळा रस्ता जंगलातूनच न्यायचा. "जंगल कुणाच्या बापाचं नाही," असे एकजण बैठकीत म्हणालादेखील. 2016 च्या एप्रिलमध्ये जेसीबी आणला आणि दोन दिवसांत दोनशे मीटर चर पाडला.

तिसऱ्या दिवशी वनरक्षक आले. राखीव वनात परवानगीवाचून खोदणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 प्रमाणे गुन्हा आहे. यंत्र जप्त झाले, चालकावर आणि गावच्या दोघांवर गुन्हा नोंदला गेला. याउपर 1980 चा वन संवर्धन कायदा आहेच. तो 25 ऑक्टोबर 1980 पासून लागू आहे. वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते, असे तो सांगतो.

पण गुन्ह्यापेक्षा मोठे नुकसान जुलैत कळले. उघड्या चरातून माती वाहिली आणि ज्या झऱ्याच्या पाटावर खालची अकरा खाचरे लागत होती तो पाट गाळाने भरला. रस्ता नाहीच, वर लावणी लांबली. वरचे धनगर आणि खालचे कुळवाडी एकमेकांशी बोलेनासे झाले.

एका रात्रीची गोष्ट

2017 च्या श्रावणात वाड्यावरच्या एका लेकीला रात्री कळा सुरू झाल्या. चौघांनी घोंगडीची झोळी केली आणि तिला उतरवू लागले. पाऊस, चिखल, हातात एक विजेरी. त्या खाचराच्या बांधावर येईपर्यंत वेळ निघून गेली. बांधालगतच म्हातारबाबांचे घर. त्यांच्या विधवा पत्नीने दार उघडले, पोरीला आत घेतले, चूल पेटवून पाणी तापवले. मूल तेथेच जन्मले. देवाची दया, दोघेही सुखरूप राहिले.

आठवड्याने सरपंच आणि मी त्या मावशींच्या घरी गेलो. मी हात जोडून म्हणालो, "मावशी, त्या रात्री तुम्ही होता म्हणून निभावलं."

मावशींनी चहा दिला आणि मग स्पष्ट बोलल्या. "सायब, वाट अडवायची आमाला काय हौस हाय का? पण मालक गेल्यापासनं माझ्या दारात येऊन कुणी इचारलं? कागद पोराकडं पाठवला, मला न्हाई. आन रस्ता मधनं का? बांधावरनं का नको?"

या दोन प्रश्नांचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. खरी वाटाघाट त्या दिवशी सुरू झाली.

नकाशा काय बोलला

बांधावरून का नको, याचे उत्तर शोधायला आम्ही भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत काढली. हे काम पहिल्या दिवशी करायचे होते, ते चौथ्या वर्षी केले. शेतकरी बंधूंनो, गावनकाशा कसा वाचायचा हे घरातल्या शिकत्या मुलामुलींनाही दाखवा. त्यात दुहेरी तुटक रेषा असते ती गाडीवाट, तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा असते ती पायवाट, तिची रुंदी सव्वाआठ फूट.

आमच्या नकाशावर मावशींच्या खाचराच्या कडेने वनहद्दीपर्यंत एकेरी तुटक रेषा होती! म्हणजे सव्वाआठ फुटांची, अडीच मीटरची वाट जुन्या मोजणीपासून कागदावर होतीच. दोन्ही बाजूंनी बांध कोरत कोरत ती वीतभर उरली होती. यात एकट्या मावशींचा दोष नव्हता. सातही खातेदारांनी तेच केले होते.

आता हिशोब पाहा. रस्ता पाच मीटरचा हवा. खाचराच्या मधून गेला असता तर 110 मीटर गुणिले 5 मीटर, म्हणजे 550 चौरस मीटर, साडेपाच गुंठे भातशेती गेली असती. शिवाय खाचराचे दोन तुकडे झाले असते. बांधावरून नेला तर अडीच मीटर जुनी वाट मोकळी होते आणि उरलेले अडीच मीटर दोन शेजाऱ्यांनी निम्मे निम्मे द्यायचे. मावशींच्या वाट्याला सव्वा मीटर. 110 गुणिले 1.25 म्हणजे सुमारे 138 चौरस मीटर, दीड गुंठ्याच्याही आत. चार वर्षांचे भांडण एका नकाशाने आणि एका गुणाकाराने हलके झाले.

शेजाऱ्याची जमीन आणि कायदा

वाटेचे तीन प्रकार असतात आणि प्रत्येकाचे दार वेगळे. यांची गल्लत केली की अर्ज फिरत राहतो.

पहिला प्रकार, चालू वहिवाटीची वाट कोणी अडवली तर. यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 आहे. त्याच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मात्र अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो करावा लागतो. "बघू, सुगी झाल्यावर" म्हणत बसला तर हे दार बंद होते.

दुसरा प्रकार, आपल्या शेताला वाटच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदार दुसऱ्याच्या हद्दीवरून म्हणजे बांधावरून वाट देऊ शकतात. शेतकऱ्याची वाजवी गरज किती आहे, हे पाहून ते निर्णय करतात. तो मान्य नसेल तर एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करण्याची मुभा आहे. शेतरस्ता किमान तीन ते चार मीटरचा असावा आणि त्याची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' सदरात व्हावी, असे मे 2025 मध्ये महसूल विभागाने ठरवले आहे. ही नोंद करून घ्यायला विसरू नका. पुढच्या पिढीचे भांडण ती वाचवते.

तिसरा प्रकार, सर्वांसाठी गावाचा रस्ता. हा वरच्या दोन कलमांनी मिळत नाही. त्यासाठी जमीन मालकाकडून रीतसर घ्यावी लागते. ती खरेदीने घेता येते, 2013 च्या भूसंपादन कायद्याने घेता येते किंवा मालकाने राजीखुशीने दिली तर बक्षीसपत्राने. बक्षीसपत्र नोंदणीकृतच हवे आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नुसती संमती म्हणजे बक्षीसपत्र नव्हे. माझी चूक झाली ती येथे. जमीन तुकडेबंदीत अडकते का, सातबारावर कूळ, बोजा किंवा 'खासगी वन' अशी नोंद आहे का, हेही तलाठ्याकडे आधी पाहून घ्यावे. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण दप्तर तेच. 1975 च्या खासगी वन कायद्याची नोंद असलेली जमीन मालक एकटा देऊ शकत नाही.

वनाची जमीन आणि गावाचा हक्क

वरच्या 1,250 मीटरचे काय? वनक्षेत्रपाल साहेबांकडे आम्ही गेलो ते मान खाली घालूनच. पण त्यांनीच वाट दाखवली. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3(2) आहे. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याचे पाणी, रस्ता अशा तेरा सोयींसाठी वनात राहणाऱ्या आणि वनावर जगणाऱ्या लोकांच्या गावाला वनजमीन देता येते. अटी तीन. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत. आणि ग्रामसभेची शिफारस हवी.

यातही हिशोब करावा. चार मीटर रुंदीचा रस्ता अडीच किलोमीटर झाला की एक हेक्टर भरते. पाच मीटर रुंदी धरली तर दोन किलोमीटरलाच भरते. म्हणून हव्यासाने रुंदी मागू नये. आमचे 1,250 मीटर गुणिले 5 म्हणजे 6,250 चौरस मीटर, साडेबासष्ट आर. मर्यादेच्या आत. तेवढ्या जमिनीवर 75 च्या प्रमाणात 46 झाडे. पहिल्या आखणीत मोजली तर 71 भरली. मग वनरक्षक, वाड्यावरचे दोघे जाणते आणि शाखा अभियंता असे चौघे दोन दिवस रान हिंडले. जुनी गुरांची वाट धरली, तेव्हा झाडे 29 वर आली. गवे उतरतात ती पाणवठ्याची जागाही टळली आणि झराही वर राहिला. जंगलाला जे बरे तेच खालच्या खाचरांना बरे, हे तेव्हा सर्वांना दिसले. गाळाने भरलेला पाट अजून कोणी विसरले नव्हते.

ग्रामसभेच्या ठरावाला निम्म्याहून कमी सभासद हजर असतील तर तो चालत नाही. आमची सभा दोनदा तहकूब झाली. तिसऱ्यांदा वाड्यावरच्या बायकाच गटाने खाली आल्या, तेव्हा गणसंख्या भरली. ठरावासह प्रस्ताव वनक्षेत्रपालांकडे, तेथून उपवनसंरक्षकांकडे गेला. ते असहमत झाले असते तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता आले असते, पण तशी वेळ आली नाही. आणि हेही ध्यानात असू द्या की जमीन वनाचीच राहते, आपल्याला मिळतो तो रस्त्यापुरता वापर. दुतर्फा टपऱ्या टाकायचा परवाना तो नव्हे.

एक हेक्टरची मर्यादा ओलांडली तर 1980 च्या कायद्याची लांब वाट आहे. एकच रस्ता कागदावर तुकडे करून दाखवण्याची हुशारी कोणी करू नये. अभयारण्याच्या हद्दीत काम असेल तर 1972 चा वन्यजीव कायदाही पाहावा लागतो, तेव्हा तेथे आधी विचारावे.

मावशींच्या अटी

खासगी जमिनीची बैठक ग्रामपंचायतीत न होता मावशींच्या ओसरीवर झाली. सातही खातेदार आले, मुंबईचा मुलगा रजा काढून आला, मुलगीही सासरहून आली. मावशींनी चार अटी घातल्या. रस्ता बांधावरून. पाटाचे पाणी पलीकडे जायला मोरी. सातही जणांनी सारख्या न्यायाने जमीन द्यायची, कोणाला सूट नाही. आणि सगळे मोजून, नकाशा जोडून, सर्व वारसांच्या सह्यांनी नोंदवायचे.

एकाने कुरकुर केली, "माझा तर ऊस आहे, माझं नुकसान जास्त." तेव्हा मुंबईचा मुलगाच म्हणाला, "काका, आजवर तुमच्या उसाची मोळी डोक्यावरून वाहिली. आता ट्रॉली बांधाला लागेल. हे कुठल्या बाजूला धरायचं?" काका हसले आणि सही केली.

रस्त्याच्या निधीतून जमिनीची किंमत देता येत नव्हती. केंद्राच्या ग्रामसडक योजनेतही जमीन घेण्यासाठी पैसा नसतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून गावाने आपल्या परीने भरपाई केली. वाड्यावरच्या लोकांनी सातही बांधांना श्रमदानाने दगडी ताल घालून दिली. ते काम त्यांच्या हातचेच. मावशींच्या बांधाला पहिला दगड लागला तो त्या श्रावणात जन्मलेल्या पोराच्या बापाच्या हातचा.

2019 च्या उन्हाळ्यात बक्षीसपत्रे नोंदली गेली, फेरफार झाले, मग वनाची मंजुरी आली. 2021 च्या मार्चमध्ये खडीचा रस्ता वाड्याला पोचला. अजून डांबर नाही. पण संध्याकाळचे दूध आता संस्थेत पोचते.

एवढे ध्यानात ठेवा

ग्रामपंचायत सदस्यांनी क्रम चुकवू नये. आधी गावनकाशा, मग सर्व वारसांची नावे, मग मालकाच्या घरी जाऊन बोलणे, मग ग्रामसभा, मग मोजणी, मग नोंदणी आणि वनाची मंजुरी. यंत्र सर्वांत शेवटी. आम्ही यंत्र आधी आणले आणि पाच वर्षे गमावली.

जमीनमालकांनी नुसते "नाही" म्हणून बसू नये. आपल्या अटी स्पष्ट सांगाव्यात आणि कागदावर आणाव्यात. रागाने वाट अडवली तर तहसीलदार एकदा येतात, शेजारी मात्र जन्माचा असतो. आणि तोंडी "न्या" म्हणणाऱ्या भल्या माणसानेही आपल्या हयातीतच कागद पुरा करावा. नाहीतर त्याचे दान मुलांच्या डोक्यावर भांडण होऊन बसते.

बहिणींनो, तुमचे नाव सातबारावर असेल तर तुमच्या सहीवाचून वाट देता येत नाही. बैठकीला बोलावले नाही तरी जा. आमच्या गावात खरा प्रश्न विचारला तो एका बाईनेच.

गाव करील ते राव काय करील, असे आपण म्हणतो. पण गावाने करायचे म्हणजे आधी एकमेकांच्या दारात जायचे. या पावसाळ्याआधी गावनकाशाची एक प्रत काढा, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा आणि आपल्या शिवारातल्या तुटक रेषा मोजून पाहा.